आंबेनळीतून नेलेलं लुगडं

पोलादपूरवरून लोक महाबळेश्वरला हवा खायला जातात. मी मयताला गेले. त्यामुळे तिथले पॉइंट कसे आहेत, सूर्य कुठून बुडताना चांगला दिसतो, हे मला विचारू नका. जानेवारीच्या थंडीत मोटारसायकलवर मागे बसून आंबेनळी घाट कसा चढायचा, एवढं सांगू शकते. आमच्या वाडीतल्या बायांपैकी कुणी अजून तशी गेलेली नाही, आणि दोघीतिघींना हौस आहे असं ऐकते. त्यांनी आधी हे वाचावं.

पोलादपूर

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. गुरं आणि शेरडं एवढाच आमचा संसार. त्या आठवड्यात मी खाली पोलादपुरात भाच्याकडे होते, डोळ्यांत औषध घालायला. भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, दिलीप. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत कामाला आहे, पाळीवर मोटारसायकलने जातो येतो.

पहाटे शेजारच्या घरी फोन आला. माझी धाकटी बहीण येमू आदल्या दिवशी दुपारीच गेली होती. निरोप रात्रभर कुठेतरी अडकला होता. येमू घाटावर दिलेली, केळघर घाटाच्या खाली, मेढ्याच्या वाटेवरच्या एका लहान गावात. तिला दमा होता. थंडी पडली की छाती घरघरायची. त्यामुळे मला धक्का वगैरे बसला नाही. पण फोनवर तिच्या दिराने सांगितलं, "माहेरचं लुगडं घिऊन या. धा वाजंपातुर थांबतो, पुढं न्हाय जमायचं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. आमच्यात बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. ते पडल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत, आणि न पडता उचलली तर त्या बाईला मागे कुणी नव्हतं असं गाव म्हणतं. आणि हे लुगडं भावाने द्यायचं. माझा भाऊ मागेच वारला. म्हणजे येमूचं माहेर आता एकट्या दिलीपपुरतं राहिलं होतं.

महाडहून महाबळेश्वरची एसटी सुटायला अवकाश होता, आणि पुढे मेढ्याची गाडी मिळेल याचा भरवसा नव्हता. दिलीप म्हणाला, "आते, गाडीवर जाऊ. पण मी सांगेन तसं बसायचं."

"बसेन की. मी काय फेर धरणार हाय मागे?"

कापडाच्या दुकानदाराला उठवलं. मयताचं म्हटल्यावर त्याने तोंडही न धुता फळी उघडली. येमू सवाष्ण गेली म्हणून हिरवं नऊवारी घेतलं. त्याने ते कागदात बांधून दिलं, दिलीपने पैसे दिले.

दिलीपची बायको सुमन हुशार आहे. तिने दिलीपच्या स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्रं लावली, वरून जाकीट, पायांत दोन दोन मोजे, डोक्यावर आधी माकडटोपी आणि मग हेल्मेट. हातमोजे कामावरचेच होते, पातळ. मला तिने स्वतःचा स्वेटर दिला आणि मी वरून माझी घोंगडी खोळ करून घेतली. रानात पावसाला आणि थंडीला आमचं हेच असतं.

"एका बाजूला बसायचं नाय," दिलीप म्हणाला. "दोन्हीकडे पाय टाक. एका बाजूला वजन आलं की वळणावर गाडी ओढते."

मी काष्ट्याचं लुगडं नेसते, मला काय अडचण. घोड्यावर बसल्यासारखी बसले. सुमन तोंडाला पदर लावून हसली, मग मयत आठवून गप्प झाली.

घाटात

गाव सुटलं तोवर धड उजाडलंही नव्हतं. नदीवर धुकं होतं आणि रस्ता पाऊस पडून गेल्यासारखा ओला होता. दिलीप बैलाच्या चालीने चालवत होता.

"अरे, हाक की," मी ओरडले.

"दव हाय रस्त्यावर. घसरतं."

"धाला पोचायचं हाय."

"आते, धाला आपण दोघांनी पोचायचं हाय."

मी गप्प बसले, पण पाय गप्प बसेनात. पहाटेपासून माझ्या पायांना हे झालं होतं. उभी राहिले तरी हलत, बसले तरी हलत. दिलीपने दोनदा सांगितलं, हलू नकोस, गाडी हलते.

घाट सुरू झाला तशी वाऱ्याने घोंगडीची खोळ फुगली आणि मला मागे ओढायला लागली. मी ती पुढे धरली तर खालचं टोक सुटलं. एकदम कर्र आवाज झाला आणि गाडी थबकली. टोक साखळीत गेलं होतं. दिलीपने उतरून चाक उलटं फिरवलं, कमरेच्या चाकूने टोक कापलं. काळं, तेलकट झालेलं कापड हातात घेऊन म्हणाला, "हे चाकात गेलं असतं ना, तर येमूआतेच्या शेजारीच तुझी तिरडी बांधली असती." मग त्याने घोंगडी माझ्या अंगाला घट्ट लपेटून सुंभाने बांधली. गवताचा भारा बांधतात तशी. त्यानंतर मला मान आणि मनगटं एवढंच हलवता येत होतं.

हा घाट मी पूर्वी एसटीतून पाहिलेला. एसटीत काच लावून माणूस झोपतो. गाडीवर तसं नाही. प्रत्येक वळणाला थंडी वेगळी लागते. झाडी असली की कमी, ओढ्याचं पाणी जवळ असलं की एकदम हाडात. ऊन समोरच्या डोंगरावर येऊन बसलेलं दिसत होतं आणि आमच्याकडे येत नव्हतं. सकाळी ह्या अंगाला सावलीच असते. दिलीप प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवायचा आणि मधूनच एक हात काढून मांडीखाली दाबायचा, मग दुसरा. हेल्मेटच्या काचेवर त्याच्याच श्वासाचं धुकं धरत होतं म्हणून काच वर केलेली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मधेच जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं गाडीचं काही. गाडीचं नव्हतं, माझ्या चपलेचं होतं. उजवी टाच सायलेन्सरवर टेकून होती, चप्पल विरघळून तिला चिकटली होती, आणि पाय एवढा बधिर की मला पत्ताच नाही.

मी हे दिलीपला सांगणार तोच पुढच्या उलट्या वळणावर वरून भाजीचा टेम्पो आला. दिलीपने ब्रेक दाबला. दाबला म्हणजे दाबायला गेला. बोटं मिटलीच नाहीत. पायाचा ब्रेक लागला, गाडी वाकडी होऊन बाहेरच्या खडीवर गेली आणि पुढचं चाक कठड्याच्या दगडाला टेकून बंद पडली. टेम्पोवाला हॉर्न देत खाली निघून गेला. कठड्याच्या पलीकडे झाडांचे शेंडे दिसत होते, बुंधे दिसत नव्हते.

दिलीपने हात डोळ्यांसमोर धरले. मग म्हणाला, "आते, बोटं माझी नाय राहिली."

मी माझं सुंभ सोडलं आणि त्याचे हातमोजे काढले. बोटं पांढरी पडली होती, मेणबत्त्यांसारखी. तो ती सायलेन्सरवर ठेवायला निघाला. मी हात ओढले. "माझी चप्पल बघ त्याने काय झाली ती. तुझ्या बोटांना पण कळणार नाय." थंडीत शेरडाला पिल्लू झालं की आम्ही ते काखेत धरतो. मी त्याचे दोन्ही हात तसेच माझ्या स्वेटरच्या आत काखेत घातले. दोन मुलींचा बाप तो, लाजला.

"कुणी बघेल गो."

"बघू दे. वानरं हायत नुसती."

थोड्या वेळाने बोटं दुखायला लागली, म्हणजे जिवंत होती. पण अंग त्याचं कुडकुडतच होतं. वर्तमानपत्रं घामाने आणि धुक्याने भिजून लगदा झाली होती, ती काढून टाकली. दिलीप म्हणाला, "ऊन इथं येईतोवर थांबू."

"किती वेळ?"

"येईल तेव्हा. मी असा गाडी नाय चालवणार. पोरींना बाप लागतो."

"आणि तिकडे?"

"येमूआतेला आता घाई नाय गो."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तिला नाय. उचलणाऱ्यांना हाय."

घोंगडी त्याच्यावर घालून बघितली. जाड, त्यात त्याला हात वळवता येईनात, आणि टोकं खाली जायची ती जायचीच. एकदा झालं तेवढं पुरे होतं. मग मी लुगड्याचा कागद सोडला.

"ते कोरं हाय," दिलीप म्हणाला.

"कोरंच राहील. तू काय नेसून नाचणार हायस?"

त्याचा सदरा वर करून मी लुगड्याचे वेढे त्याच्या छातीभोवती दिले, बाळंतिणीचं पोट बांधतात तसे, घट्ट. अर्धं लुगडं गेलं तेवढ्यात स्वेटर बसेना. उरलेलं अर्धं घडीतच राहू दिलं, कागदात गुंडाळलं, आणि त्याच्या जाकिटाच्या खालून मागे काढून माझ्या मांडीवर घेतलं. म्हणजे तो पुढे आणि त्याचं दावं माझ्या हातात, असे आम्ही निघालो. माझी घोंगडी पुन्हा बांधायचं काम त्यानेच केलं. आता बोटं चालत होती.

वर

प्रतापगडाच्या फाट्याजवळ चहाची टपरी लागली. दिलीपने थांबवायच्या आधी मी सांगितलं, थांब. टपरीवालीने आमची ध्यानं बघून काही विचारलं नाही. चहाचा पेला हातात धरायला दिला आणि दिलीपच्या हातमोज्यांवर चढवायला दुधाच्या रिकाम्या पिशव्या दिल्या. पिशवीतून वारा जात नाही. हे सुमनला नंतर सांगितलं, आता ती नेहमी देते.

महाबळेश्वरात ऊन होतं, पण ते नुसतं दिसायला. गवतावर दव गोठून पांढरं झालेलं. बाजारात रंगीत लोकरी टोप्या घातलेली माणसं सकाळी सकाळी दूध घातलेली स्ट्रॉबेरी खात होती. एवढ्या थंडीत थंड खायला पैसे देतात. पेट्रोल भरायला थांबलो तिथे मुंबईचं एक नवं जोडपं होतं. मुलगी हातभर चुड्याची, माझ्याकडे बघून हसली.

"आजी, तुम्ही पण बाइकवर? मस्त. कुठे फिरायला निघालात?"

"मयताला."

ती नवऱ्याच्या मागे गेली. दिलीप म्हणाला, "जरा गोड सांगायचं." मयताला जातो हे गोड कसं सांगायचं, मला येत नाही.

तिथून पुढे केळघर घाट उतरणीचा आणि उन्हाचा. लाल माती, वाफ्यांवर प्लास्टिक अंथरलेलं. आता दिलीप थोडा वेगात होता, पण उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवत होता. दहा वाजून गेले होते. दोघांनी पेट्रोल पंपावर घड्याळ बघितलं होतं.

येमूच्या दारात

तिरडी बांधून झाली होती. येमूला आंघोळ घालून घरचं लुगडं नेसवलं होतं, हळदकुंकू लावलेलं. पुरुष उभे होते, काही जण रानातल्या कामाला परतायच्या घाईत. येमूचा नवरा गणपत तिच्या उशाशी मांडी घालून बसला होता. नंतर कळलं, दोनदा उचलायला आले तेव्हा तो म्हणाला, "उचलायचं तर मला बी उचला." मग कुणी हात लावला नाही.

मला बघून म्हणाला, "आलासा, आक्का."

"आलो. घाटात अडकलो."

मी दिलीपला पुढे घेतलं आणि त्याचं जाकीट उघडून लुगड्याचे वेढे सोडायला लागले. तिथे सगळ्यांसमोरच. येमूची थोरली जाऊ चंद्राबाई पुढे आली.

"ह्ये काय? अंगावरनं काढून घालतासा?"

मी सांगितलं काय झालं ते.

"मग ह्ये न्हाय चालायचं. जित्या माणसाच्या अंगावरचं मढ्याला घातलं तर मढं त्याला वढून न्हेतं. पोर ल्हान हाईत का न्हाईत त्याची?"

बायकांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "येमूला उभ्या जन्मात खुंट्याचं वासरू ओढता आलं नाय. ती दिलीपला काय ओढते?"

दोघीतिघी हसल्या, पण चंद्राबाई हसली नाही, आणि दिलीपही हसला नाही. त्याचा चेहरा घाटात बोटं झाली होती तसा पांढरा झाला. तो देवभोळा आहे. हे लुगडं मी तसंच येमूवर टाकलं असतं, तर तो जन्मभर साधा खोकला आला तरी घाबरला असता. आणि नाही टाकलं तर येमू तशीच जाणार. गावात कापडाचं दुकान नव्हतं, मेढ्याला जाऊन येईतो कुणी थांबणार नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालंच, "चला आता, उशीर लई झाला."

लुगडं माझ्या हातात होतं. अर्धं चुरगळलेलं, दिलीपच्या अंगाने गरम. अर्धं दुकानातून आणलं तसं, घडी न मोडलेलं, कागदात. माझे पाय पुन्हा हलायला लागले होते.

मी म्हटलं, "विळा द्या."

"कशाला?"

"द्या तर खरं."

चंद्राबाईच्या सुनेने विळा आणून दिला. मी घडीच्या अलीकडे, दिलीपच्या अंगाला लागलं नव्हतं तिथे, काठ कापला आणि दोन्ही हातांनी लुगडं फाडलं. नवं कापड फाटताना आवाज मोठा करतं. अंगणभर गेला.

"हे कुणाच्या अंगाला लागलेलं नाय," मी घडी दाखवली. "हे तिचं. आणि हे मढ्याला लागलेलं नाय, हे ह्याचं. आधी फाडलं, मग घालतो. आता कोण कुणाला ओढतो सांगा."

चंद्राबाईने फाटलेली कड निरखली. मग म्हणाली, "माहेरानं निम्मं लुगडं घातलं म्हंतील."

"म्हणू द्या. म्हणणाऱ्याने आंबेनळीतून गाडीवर यावं आणि मग म्हणावं."

गणपत उशाशी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "घाला. तिला निम्मं बी पुरंल. किती राहिली व्हती ती."

येमू खरंच मूठभर राहिली होती. दिलीपने घडी उलगडली आणि तिच्या अंगावर घातली, गळ्यापासून पायांपर्यंत. पायांशी थोडं उरलं ते मी खाली खोचलं. पाय गार होते. माझेही होते. मग त्यांनी तिला उचललं.

तीन दिवस

सावडण्यापर्यंत राहिलो. त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारून येतं. पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि पिठलं आलं. आमच्याकडे तांदळाची भाकरी, मऊ. ही कडक, पण पोटात राहते. मिरची मात्र ही माणसं वैर असल्यासारखी घालतात. चंद्राबाई पहिला दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझी चप्पल बघितली, आत गेली आणि वहाणांचा एक जोड आणून माझ्यासमोर टाकला. "येमीच्या हाईत. बसत्यात का बघा." बसल्या. आमचे पाय सारखेच होते, हे मी विसरले होते.

थंडी तिथे कोरडी आहे, ओठ फुटतात. आमच्याकडे थंडी ओली, दमट. रात्री गणपतला झोप नव्हती आणि मला पण नव्हती. तो ओसरीवर बसायचा, मी अंगणात फेऱ्या मारायचे.

परत

येताना दिलीप म्हणाला, "ऊन चांगलं चढल्याशिवाय निघायचं नाय." मी बरं म्हटलं. निघायच्या वेळी त्याने फाडलेलं अर्धं लुगडं पिशवीतून काढलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. चंद्राबाई दारातून बघत होती. मी वेढे दिले, स्वेटर खाली ओढला. ह्या वेळी मागे दावं नव्हतं. त्या कठड्याच्या वळणावर त्याने हॉर्न दोनदा वाजवला, समोर कुणी नसताना.

सुमनने ते कापड धुऊन दोरीवर घातलं आणि ट्रंकेत ठेवायला निघाली, तर दिलीपने ठेवू दिलं नाही. थंडी असेपर्यंत रात्रपाळीला जाताना तो ते सदऱ्याच्या आत गुंडाळतो. कंपनीच्या गेटवर सदरा बदलताना हिरवा काठ दिसतो. मग बरोबरची माणसं विचारतात, "काय रे, वहिनीचं लुगडं नेसून आलास काय?"

"वयनीचं नाय," तो म्हणतो. "माहेरचं हाय."